2147483647: ऑयलरच्या भागाकारांपासून हळदीच्या पोत्यांपर्यंत

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या 500 पोत्यांच्या थप्पीतून नमुना काढायचा तर हाताशी येतील ती पोती घेऊन चालत नाही. पोत्यांना क्रमांक देऊन यादृच्छिक संख्यांनी निवड करावी लागते. त्या संख्या तयार करण्याची एक जुनी रीत 2147483647 या मूळ संख्येवर उभी आहे. ही संख्या म्हणजे 2 चा 31 वा घात वजा 1.

ती मूळ आहे, असे इटलीच्या गणितज्ञ कताल्दीने म्हटले होते. पण त्याने 23, 29 आणि 37 या घातांबद्दलही तेच म्हटले, आणि ते तिन्ही चुकले. गणितज्ञ फर्माने 1640 मध्ये 23 आणि 37 खोडले, गणितज्ञ ऑयलरने 1738 मध्ये 29. उरलेल्या 31 ची सिद्धता ऑयलरनेच 1772 मध्ये बर्नुलीला कळवली. या संख्येचे वर्गमूळ 46,340 च्या थोडे पुढे, म्हणजे तिथपर्यंतच्या साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्यांनी भागून पाहायचे. ऑयलरने दाखवले की या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला 248 ने भागले तर बाकी 1 किंवा 63 च उरते. या चाळणीतून शंभराहूनही कमी मूळ संख्या उरतात. हाताने गणित करणाऱ्याला याहून मोठी भेट नाही.

यादृच्छिक संख्यांसाठी 1951 मध्ये गणितज्ञ लेहमरने गुणून बाकी घेण्याची रीत सुचवली. 1969 पासून गुणक 16807, म्हणजे 7 चा पाचवा घात, रूढ झाला: आधीच्या संख्येला 16807 ने गुणा, 2147483647 ने भागा, बाकी ही पुढची संख्या. भाजक मूळ असल्यामुळे आणि गुणक नेमका निवडल्यामुळे 1 पासून 2147483646 पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्यावरच चक्र पुन्हा सुरू होते.

बीज, म्हणजे सुरुवातीची संख्या, 1 घेतले तर 16807, 282475249, 1622650073 येतात. 500 ने भागून बाकीत 1 मिळवा: पोती 308, 250, 74. पोते पुन्हा आले तर सोडून पुढची संख्या घ्यावी.

संगणकाच्या 32 बिटांच्या पूर्णांकात, म्हणजे ठराविक मर्यादेपर्यंतच्याच संख्या मावणाऱ्या जागेत, पहिली दोन उत्तरे बरोबर येतात, तिसऱ्याला गुणाकार मावत नाही. म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही. संशोधक श्रागेने 1979 मध्ये यावर उपाय दिला: संख्येला 127773 ने भागा, बाकीला 16807 ने आणि भागाकाराला 2836 ने गुणा, पहिल्यातून दुसरे वजा करा, उत्तर धन नसेल तर 2147483647 मिळवा. पडताळा म्हणून बीज 1 पासून दहा हजारावी संख्या 1043618065 यायलाच हवी.

बीज 0 कधीच देऊ नये, पुढे सगळी शून्येच येतात. प्रत्येक पोत्याला नवे बीजही नको: 1 नंतर 2 दिले तर पहिली संख्या नुसती दुप्पट होते. पासवर्डसाठी तर ही रीत वापरूच नये, कारण एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या काढता येतात.