नवी गाडी स्लोवर का टिकत नाही?

दसऱ्याला हार घालून आणलेली स्कूटर दिवाळीच्या आत कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला बंद पडली, की मालकाला दोन गोष्टींचा राग येतो. एक म्हणजे मागचा हॉर्न. दुसरी म्हणजे सर्व्हिस सेंटरचं ठरलेलं उत्तर: "नवी आहे, चालवत राहा, बसेल." हे उत्तर कधी खरं असतं, कधी निव्वळ टोलवाटोलवी. दोन्हींतला फरक ओळखायचा तर गाडी उभी असताना इंजिन काय करत असतं ते पाहावं लागेल.

उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये कॉलेजला जाणारी एक मुलगी मेस्त्रींना सांगत होती, "मामा, कालपरवा घेतलेली गाडी. थांबली की बंद पडत्या."

"सकाळी का दुपारी?"

"त्यानं काय फरक पडतोय?"

"ताई, तिथंच तर सगळं हाय."

मेस्त्रींचा प्रश्न अगदी मर्माचा होता. थंड इंजिन बंद पडण्याची कारणं वेगळी आणि तापलेलं बंद पडण्याची वेगळी. पण त्याआधी मुळात स्लोवर, म्हणजे गाडी उभी असताना रेस न देता, चालू राहणं इंजिनाला इतकं जड का जातं?

शंभर-सव्वाशे सीसीची स्कूटर उभी असताना तिचं इंजिन मिनिटाला साधारण 1500 फेरे घेतं. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदाच पेट्रोल पेटतं, म्हणजे सेकंदाला बारा-तेरा स्फोट. दोन स्फोटांमध्ये 80 मिलिसेकंद जातात आणि तेवढा वेळ इंजिन फक्त आधीच्या गतीवर ढकललं जातं. ढोबळ हिशेब केला तर प्रत्येक स्फोटाला लागणारं पेट्रोल भरतं जेमतेम 3 मिलिग्रॅम, म्हणजे एका थेंबाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर दोनेक मिलिसेकंद उघडतो आणि मिटतो. यातून मिळालेली ताकद रस्त्यावर जात नाही. पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग, तेलाचा पंप यांचं घर्षण आणि जवळजवळ बंद असलेल्या थ्रॉटलमधून, म्हणजे हवेच्या झडपेतून, हवा ओढण्याचे कष्ट यांतच ती सगळी संपते. जमा तेवढाच खर्च, शिल्लक शून्य. त्यामुळे जमेत थोडी घट झाली किंवा खर्चात थोडी वाढ झाली, तरी गाडी गचके देते. साठच्या वेगाने पळताना तीच घट-वाढ कुणाच्या लक्षातही येत नाही.

त्यात ज्वलनाची परिस्थितीही स्लोवर सगळ्यात वाईट. थ्रॉटल मिटलेला असल्याने सिलिंडरमध्ये ताजी हवा कमी येते आणि आधीच्या स्फोटाचा जळका वायू जास्त प्रमाणात मागे राहतो. मिश्रण असं पातळ झालं, की ते सावकाश पेटतं, एखाद्या वेळी नीट पेटतच नाही. गॅरेजमध्ये त्याला 'मिसिंग मारते' म्हणतात.

2020 पूर्वी यावर सोपा इलाज होता. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरला एक स्क्रू हवेचा, एक स्लोचा. मेस्त्री पाना खाली ठेवून कान लावायचा, पाव फेरा इकडे, अर्धा तिकडे, आणि इंजिन गुणगुणायला लागलं की "जावा घेऊन." 1 एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले, कार्बोरेटर गेला आणि बहुतेक गाड्यांत पेट्रोल मोजण्याचं काम ईसीयूकडे, म्हणजे एका छोट्या संगणकाकडे गेलं. आता कित्येक गाड्यांत फिरवायला स्क्रूच नाही. असला तरी कारखान्यातून लाख लावून बंद केलेला असतो. "स्लो जरा वाढवून द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला मेस्त्री स्कॅनर दाखवतो आणि दोघांचीही पंचाईत होते.

ईसीयू स्लो कसा राखतो? थ्रॉटलच्या झडपेला वळसा घालून जाणारी एक बारीक वाट असते. तिच्या तोंडाशी छोट्या मोटरवर चालणारी सुई असते. किल्ली फिरवल्यावर पंपाच्या घुंईं आवाजासोबत कधीकधी किर्र असं ऐकू येतं, ते या सुईने आपली जागा तपासणं असतं. (महागड्या गाड्यांत वळशाची वाट नसते. तिथे मुख्य झडपच मोटरने केसभर हलवतात.) फेरे कमी झाले की सुई मागे सरकते, हवा वाढते, त्या मापाने पेट्रोल वाढतं.

पण निसर्गाने इथे एक मदत आधीच करून ठेवली आहे. झडपेच्या आतला दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण निम्म्यावर आला, की त्या अरुंद फटीतली हवा ध्वनीच्या वेगाने धावू लागते. त्याहून जास्त वेग तिला तिथे घेता येत नाही. मग आतून कितीही ओढ लागली, तरी सेकंदाला ठरावीकच हवा आत येते. समजा इंजिन थोडं मंदावलं. सेकंदाला येणारी हवा तेवढीच, पण फेरे कमी झाले, म्हणजे प्रत्येक फेऱ्याच्या वाट्याला हवा जास्त. स्फोट जोरदार होतो आणि इंजिन पुन्हा सावरतं. जास्त पळालं तर उलटं. कार्बोरेटरच्या काळात कसलाही संगणक नसताना गाड्या पानाच्या दुकानासमोर पाच-पाच मिनिटं निवांत फुरफुरत उभ्या राहायच्या, त्यामागे या सवयीचाही हात होता.

तरीही फेरे वर-खाली झुलतात. रेस केल्यासारखं वर, मग बंद पडल्यासारखं खाली, पुन्हा वर. नव्या गाडीच्या मालकांची ही तक्रार फार जुनी आहे, गाड्यांच्याही आधीची. 1788 मध्ये जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. वेग वाढला की गोळे बाहेर फाकायचे आणि वाफ कमी करायचे. पुढच्या काळात यंत्रं जसजशी नेटकी झाली, तसतशी काही इंजिनं झुलू लागली. 1868 मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने त्यामागचं गणित मांडलं: दुरुस्तीने झोके कधी विरून जातात आणि कधी उलट वाढत जातात, हे त्यात होतं. तोच गव्हर्नर आपल्याकडे उसाच्या चरकावर आणि विहिरीच्या पंपावर ऑइल इंजिनातून आला. चरकात मोळी सरकवली, की इंजिनाचा सूर क्षणभर बसायचा, धूर काळा व्हायचा, आणि दोन ठोक्यांत गव्हर्नर डिझेल वाढवून सूर जागेवर आणायचा. ज्यांनी गुऱ्हाळावर सुट्ट्या काढल्या, त्यांच्या कानात तो आवाज अजून असेल.

झुलण्याचं खरं कारण म्हणजे उशीर. गुऱ्हाळातला गुळव्या हे कुठल्याही इंजिनिअरपेक्षा चांगलं जाणतो. काहिलीतला रस उतू जायला लागल्यावर जाळ कमी करून उपयोग नसतो, कारण चुलवाणात आधी टाकलेली चिपाडं अजून जळायचीच असतात. म्हणून तो फेस चढायच्या आधीच "जाळ आवर" म्हणतो. ईसीयूपुढेही हीच अडचण असते. सुई आत्ता हलवली तरी वाढलेली हवा नळीत भरून सिलिंडरपर्यंत पोचायला एक-दोन फेरे जातात. तोवर ईसीयूला वाटतं, अजून पुरेसं झालं नाही, आणि तो आणखी हवा देतो. मग फेरे एकदम उसळतात. हे टाळायला तो दुसरं, झटपट हत्यार वापरतो: ठिणगीची वेळ. स्लोवर ठिणगी मुद्दाम थोडी उशिरा टाकलेली असते. गरज पडली की ती अलीकडे ओढायची, पुढचाच स्फोट जोरकस होतो. हवेने सावकाश सावरायचं आणि ठिणगीने लगेच, अशी ही वाटणी. ती गाडीच्या वजनाशी, फ्लायव्हीलशी, तापमानाशी नीट जुळली नसेल, तर दोष कुठल्याच भागात नसतो, आकड्यांत असतो. म्हणून नव्या मॉडेलच्या पहिल्या वर्षात "सॉफ्टवेअर मारून दिलं, गाडी सुधारली" असं ऐकू येतं. ती थाप नसते.

आता नवेपणाचा भाग. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ओतलेला एखादा सिलिंडर ब्लॉक मशीनिंग होऊन आला, की त्याच्या आतल्या भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसतात. बोट फिरवलं तर जाणवणार नाहीत, पण उजेडाकडे धरलं तर जाळी चमकते. या रेघांत तेल टिकतं. रेघांची टोकं मात्र सुरुवातीला धारदार असतात आणि रिंगा त्यांच्यावर घासून ती सपाट करतात. पहिले काहीशे किलोमीटर हे चालतं, तोवर घर्षण जास्त. आणि स्लोवर सगळी कमाई घर्षणातच जाते, हे वर आलंच आहे. "चालवत राहा, बसेल" या उत्तरात तथ्य आहे ते एवढंच.

जे आपोआप बसत नाही ते टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावरची फट. नव्या इंजिनात व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत हळूहळू रुततात, त्यामुळे ती कमी होते. ही फट असते सुमारे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. ती संपली, की तापून लांबलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणारी झडप, पूर्ण मिटत नाही आणि दाब गळतो. वेगात असताना गळायला वेळ मिळत नाही, म्हणून गाडी हायवेवर झकास पळते आणि तापल्यावर सिग्नलला मान टाकते. पहिल्या सर्व्हिसिंगला फक्त ऑइल बदलून, गाडी धुऊन परत दिली असेल, तर टॅपेट तपासलं का, हे विचारायलाच हवं. माझ्या मते तापल्यावर बंद पडणाऱ्या नव्या गाडीबाबतीत हा पहिला प्रश्न असावा, आणि तोच सगळ्यात कमी विचारला जातो.

सकाळच्या तक्रारी वेगळ्या. थंड इंजिनात पेट्रोल नीट वाफाळत नाही, म्हणून ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल आणि जास्त फेरे देतो. डिसेंबरच्या पहाटे दूध घालायला निघालेल्या माणसाला वाटतं, गाडी आपोआप रेस होतेय. मिनिटा-दोन मिनिटांत उतरली तर तो दोष नव्हे. त्या वेळी धुरातला ऑक्सिजन मोजून मिश्रण कळवणारा ऑक्सिजन सेन्सरही झोपलेला असतो, कारण तो सुमारे 300 अंशांच्या पुढे तापला तरच काम करतो. तोवर ईसीयू पाठ केलेल्या आकड्यांवर चालतो.

इथेच इथेनॉलचा विषय येतो, आणि ऊसपट्ट्यात तो जपूनच काढावा लागतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, 20 टक्के इथेनॉल असलेल्या ई-20 ला साधारण 13.5 पट. शिवाय वाफ होताना इथेनॉल पेट्रोलच्या अडीच पट उष्णता खातं. सेन्सर जागा असेल तर ईसीयू हा फरक भरून काढतो. थंडीत, सेन्सर जागा व्हायच्या आधी, जुन्या आकड्यांवर बेतलेली गाडी थोडी उपाशी राहते आणि अडखळते. ई-20 साठीच बेतलेल्या नव्या गाडीत हे कारण सहसा लागू नसतं. प्रत्येक गचक्याचं खापर साखर कारखान्यांवर फोडणं मला पटत नाही.

हवेची घनताही हिशेबात येते. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा सुमारे 400 मीटर उंच, तिथली हवा चार-पाच टक्क्यांनी विरळ. इंजेक्शनची गाडी दाबाचा सेन्सर पाहून ते सहज जुळवते. खरी कसोटी पाहायची तर गुलमर्गला जावं. सुमारे 2650 मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणभर. आपल्याकडचे पर्यटक तिथे स्नोमोबाइलवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीवर, बसून फोटो काढतात, पण त्या यंत्राची रचना आपल्या स्कूटरच्या जवळची आहे, हे कुणाच्या मनात येत नाही. गिअर नाहीत, रबरी बेल्ट आणि आपोआप पकडणारा क्लच. मात्र तिचं इंजिन बहुधा मोठं, सहाशे-आठशे सीसीचं, आणि बऱ्याचदा टू-स्ट्रोक. नव्या स्नोमोबाइलच्या मालकांच्या तक्रारीही ओळखीच्या वाटतात: थंडीत चालू होऊन लगेच बंद, फेरे झुलणं, थांबल्यावर मान टाकणं. उणे 30 अंशांची हवा आपल्या अधिक 30 अंशांच्या हवेपेक्षा पाव हिश्श्याने दाट असते, म्हणजे त्याच फटीतून जास्त ऑक्सिजन आत जातो, आणि गोठत्या थंडीत पेट्रोल मात्र वाफ व्हायला नकार देतं. स्लो जास्त ठेवला तर क्लच बेल्टला पकडू लागतो आणि गाडी आपण न सांगता पुढे सरकते. स्लो जास्त असलेली स्कूटर मेन स्टँडवर असताना मागचं चाक जोरात फिरतं, तेही क्लच असा पकडू लागल्यानेच.

काही टू-स्ट्रोक स्नोमोबाइलमध्ये तर स्लोशी असा खेळ असतो की कोल्हापुरी भाषेत नादच खुळा. त्यांच्यात मागे जायचा गिअर नसतो. बटण दाबलं की ईसीयू इंजिनाला बंद पडण्याच्या काठावर आणतो आणि पिस्टन वर चढत असतानाच ठिणगी फार लवकर टाकतो. पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधीच माघारी ढकलला जातो आणि अख्खं इंजिन उलट्या दिशेने फिरू लागतं. टू-स्ट्रोक असल्यामुळे ते उलटंही चालतं. हे जमायचं तर फेरे किती उतरवायचे, याचा अंदाज अचूक लागतो. स्लो बिघडला की अशा गाडीला मागे जाणंही जमत नाही.

स्कूटरकडे परत येऊ. आणखी दोन कारणं मालकांना सुचत नाहीत. एक, शोरूमच्या गोदामात बरेच दिवस उभी राहिलेली 'नवी' गाडी. बॅटरी उतरलेली असली की इंजेक्टर उघडायला उशीर लावतो, आणि 3 मिलिग्रॅमच्या व्यवहारात तो उशीर भारी पडतो. दोन, थ्रॉटलच्या कडेला जमणारी काजळी. मेस्त्री थ्रॉटल बॉडी काढून टॉर्च मारतात, तेव्हा झडपेच्या भोवती काळं कडं दिसतं. फट मुळातच केसाएवढी, त्यामुळे एवढ्याशा थराने हवा घटते. ईसीयू हळूहळू सुई मागे घेऊन ते सांभाळतो आणि नवी जागा लक्षात ठेवतो. म्हणून साफ केल्यावर काही गाड्या उलट रेस होतात: काजळी गेली, पण संगणक अजून काजळीच्याच हिशेबाने हवा देतोय. ती आठवण स्कॅनरने पुसावी लागते. हा नव्या गाडीचा रोग नव्हे, काही हजार किलोमीटरनंतरचा.

सर्व्हिस सेंटरला जाताना "गाडी बंद पडते" एवढं सांगून भागत नाही. थंड असताना की तापल्यावर, फेरे झुलून की एकदम, थ्रॉटल सोडल्याबरोबर की उभं राहिल्यावर, पेट्रोल भरल्यापासून की आधीपासून, हे सांगावं आणि मोबाईलवर आवाजासह टिपून ठेवावं, कारण तिथे गेल्यावर गाडी हमखास शहाण्यासारखी वागते. डॅशवर इंजिनाचा दिवा लागला नाही म्हणून दोष नाही, हे मात्र ऐकून घेऊ नये. फेरे ठरलेल्या आकड्यापासून बरेच लांब आणि बराच वेळ राहिले तरच ईसीयू दिवा लावतो. सिग्नलला एका सेकंदात बंद पडलेल्या गाडीची बरेचदा त्याच्याकडे नोंदच नसते.