कोकणातल्या नळपाणी योजना पुरात का बंद पडतात?

कोकणात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, काही ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त. तरीही मे महिन्यात वाडी-वस्तीवर टँकर फिरतात. जांभा पाणी धरून ठेवत नाही आणि सह्याद्री ते समुद्र हे अंतरच मुळात थोडे. त्यामुळे इथली बहुतेक नळपाणी योजना उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून आखली गेली. ऐन मेमध्येही नदीत पाणी सापडेल अशी जागा शोधायची आणि तिथे जॅकवेल, म्हणजे पंप बसवून पाणी उपसायची विहीर, बांधायची. अशी जागा अर्थातच सगळ्यात सखल असते. टंचाईवर काढलेला हा तोडगाच पुढे पुरात अंगाशी आला.

त्याआधी डोंगरातल्या झऱ्याचे पाणी पोफळीच्या पन्हळीने अंगणात यायचे, नाहीतर विहिरीवर रहाट असायचा. विजेचा संबंधच नव्हता. १९७६च्या कायद्याने राज्यात पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळ आले, १९९७ मध्ये त्याचे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झाले. नदीतून उपसून उंच टाकीत चढवायचे, ही पद्धत या काळात सगळीकडे रुळली.

चिपळूणची गोष्ट जरा वेगळी. १९६० च्या दशकात पोफळी गावातले वीजगृह सुरू झाले आणि कोयनेचे अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेले पाणी, वाशिष्ठी नदीत येऊ लागले. नदी उन्हाळ्यातही वाहती राहिली. शहराने खेर्डी आणि गोवळकोट इथून पाणी उचलले. मात्र २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ ला याच वाशिष्ठीने शहर बुडवले. २०२१ मध्ये तर अतिवृष्टीच्या जोडीला भरतीही होती.

जलशुद्धीकरण केंद्र म्हटले की आपल्याला गाळण्याच्या टाक्या आठवतात. पण पुरात आधी जातात ते मोटार आणि ती चालू-बंद करणारे स्टार्टर पॅनेल. बुडालेली मोटार पाणी ओसरले म्हणून लगेच चालू करता येत नाही. ती उघडायची, चिखल धुवायचा, वाइंडिंग (आतले तारेचे वेटोळे) वाळवायचे, वीज कुठे झिरपत नाही ना हे मेगर या उपकरणाने बघायचे, मगच वीज द्यायची. पॅनेल जुन्या पूररेषेच्या वर बसवणे हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय, आणि तोच बहुतेकदा राहून जातो.

दुसरा धडा ३ जून २०२० चा. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, खांब आडवे झाले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पंप धड होते, विहिरीत पाणी होते, नळ मात्र कोरडे.

पंप वाचला तरी पाणी तांबडेलाल येते. पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणा मोजायचे एकक) असावा, दुसरा पर्यायच नसेल तर ५ पर्यंत चालतो, असे भारतीय मानक सांगते. पुराच्या पाण्याला तुरटीची मात्रा रोजच्या अंदाजाने चालत नाही. ती चुकली की गाळ खाली बसत नाही, वाळूचे थर तुंबतात आणि ते धुण्यातच शुद्ध पाणी खर्ची पडते. गढूळ पाण्यात क्लोरीनही नीट काम करत नाही, जंतू मातीच्या कणांआड तग धरतात. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात दमट हवेत पडून राहिलेल्या टीसीएल पावडरीचा (क्लोरीन देणाऱ्या ब्लीचिंग पावडरीचा) जोर तर आधीच ओसरलेला असतो.

चिपळूणसाठी कोळकेवाडी धरणातून ग्रॅव्हिटीने पाणी आणण्याचा विचार यातूनच बळावला. उताराने येणाऱ्या पाण्याला उपसा नको, आणि धरणात गाळ बराचसा आधीच खाली बसतो. गाळणीची वाळू धुण्यापुरती वीज मात्र तेव्हाही लागेल.