गाडी ‘देत नाही’ म्हटलं की आधी फिल्टरच का?

गोव्यात म्हापसा असो वा फोंडा, गॅरेजात जाऊन ‘गाडी पूर्वीसारखी देत नाही’, म्हणजे अॅव्हरेज कमी झालं, असं म्हटलं की मेस्त्री बॉनेट उघडून आधी एअर फिल्टर काढतो, आपटून धूळ झाडतो आणि मग प्लगकडे वळतो. हा क्रम त्याला त्याच्या उस्तादाकडून मिळालेला आहे. ज्या काळात तो पडला, त्या काळात तो अगदी बरोबर होता.

तो काळ कार्बोरेटरचा, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचा. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा इथे पोर्तुगीज अमदानीत आयात झालेल्या युरोपीय गाड्या होत्या. पुढे फियाट आणि अँबेसेडर आल्या, १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. पेट्रोल देण्याची तऱ्हा सगळ्यांची एकच. इंजिन हवा ओढायचं आणि त्या ओढीनेच जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, पेट्रोल खेचलं जायचं. हवा किती आली हे मोजणारं कोणी नव्हतं. फिल्टर तुंबला की हवा कमी, पेट्रोल जास्त आणि सायलेन्सरमधून काळा धूर. अशा गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरपायी २ ते ६ टक्के पेट्रोल जादा जळतं. सावर्डे-कुडचड्याच्या खाणपट्ट्यात लाल धुळीतून गाडी चालवलेल्या कोणालाही फिल्टर किती लवकर भरतो हे सांगायला नको.

त्यात पॉइंट (ठिणगीचा विद्युतप्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) झिजायचे, टायमिंग म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ हलायची. पेट्रोलमध्ये शिसं असल्यामुळे प्लगवर थर बसायचे. शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून गेलं ते २००० सालच्या फेब्रुवारीत. दर काही हजार किलोमीटरला पॉइंट घासून, फिलर गेजच्या पातळ पात्यांनी गॅप लावून, कानाने ऐकत कार्बोरेटर ‘सेट’ करणारा मेस्त्री खरोखर लिटरला एखाद-दोन किलोमीटर परत मिळवून द्यायचा. त्या हातांबद्दल मला आजही आदर आहे.

या देखभालीला बचतीचा अर्थ आला तो १९७३ च्या तेलसंकटाने. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. भारतात १९७८ साली पीसीआरए ही इंधनबचतीसाठीची सरकारी संस्था स्थापन झाली आणि इंजिन ट्यून करा, टायरमधली हवा तपासा हा सल्ला सरकारी मोहिमेचा भाग झाला.

पण त्याआधीच, १९७६ साली, बॉशचा ऑक्सिजन सेन्सर व्होल्वोच्या गाडीत बसला होता. धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोल कमी-जास्त करणारं हे तंत्र आपल्याकडे रुळलं ते २००० नंतर, प्रदूषणाचे निकष कडक झाले आणि कार्बोरेटर मागे पडला तेव्हा. आता फिल्टर तुंबला तर गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोलही तेवढंच कमी सोडतो. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९ सालच्या चाचण्यांत इंजेक्शनवाल्या, म्हणजे असं कॉम्प्युटर पेट्रोल सोडणाऱ्या, गाड्यांचा खप तुंबलेल्या फिल्टरने जवळजवळ बदलला नाही, फक्त पिकअप मंदावला. फिल्टर बदलायचाच, पण अॅव्हरेज वाढेल या आशेने नव्हे. उलट तो सेन्सरच बिघडला तर खप ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. म्हणून डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा ‘चालतंय’ म्हणून सोडून देऊ नये, असं मी कळकळीने सांगतो.

जुन्या सल्ल्यातलं जे तसंच टिकलं, ते म्हणजे टायरमधली हवा. चारही टायरांत सरासरी १ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा कमी असली की खप साधारण ०.२ टक्के वाढतो. ८ पीएसआय कमी म्हणजे दीड टक्क्याहून जास्त. आजच्या गाड्यांचा रेडियल टायर हवा पुरेशी असतानाही खाली थोडा फुगलेला दिसतो, त्यामुळे पायाने दाबून अंदाज घेण्याची पद्धत इथे फसते. गेजच लावावा लागतो, तोही टायर थंड असताना.

आणि गोव्यात एक गोष्ट मी फिल्टरच्याही वर ठेवीन: ब्रेक. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या, पिना गंजतात, हँडब्रेक लावून आठवडाभर उभी केलेली गाडी मागच्या चाकाला धरून बसते. ब्रेक सुटला असं वाटतं, पण पॅड डिस्कला घासतच राहतो आणि इंजिन ते ओझं ओढत राहतं. चतुर्थीनंतर, पाऊस ओसरला की, पंधरा-वीस किलोमीटर चालवून गाडी थांबवावी आणि प्रत्येक चाकाजवळ, न टेकवता, हात न्यावा. एकाच चाकाची धग बाकीच्यांपेक्षा जास्त लागली, तर मेस्त्र्याला बॉनेट उघडू न देता आधी ते चाक काढायला सांगावं.