नाकावरचं जू

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, तूप-हळद चोळायची आणि म्हणायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' लहानपणी मला हे नुसते लाड वाटायचे. पण हळद चोळता चोळता आजोबांची बोटं कातडं चाचपत असायची. कुठं गरम लागतंय, कुठं टणक झालंय, कुठं हात लावला की जनावर अंग चोरतंय. खांदा सुजलेला निघाला तर तो बैल पुढचे काही दिवस जुवाला लागत नसे.

गेल्या उन्हाळ्यात परभणीकडच्या आमच्या आत्याच्या नाकावर तसाच सुजलेला खांदा बघितला. आत्यानं उभ्या जन्मात विडीला हात लावला नाही, पण पऱ्हाट्या-तुराट्यांच्या चुलीचा धूर चाळीस वर्षं घेतला. त्यातून जडणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला सीओपीडी म्हणतात. तिला रात्री बायपॅप मशीन लावावं लागतं. नाकातोंडावर मास्क बसवायचा, डोक्यामागून पट्टे ओढायचे आणि मशीन दाबानं हवा आत ढकलतं. मास्कच्या कडेनं हवा सुटली की घरातलं कुणीतरी म्हणायचं, "हवा जायलीय भसाभसा, आवळ अजून." आठवड्याभरात चष्मा टेकतो त्या जागेची साल निघाली.

बऱ्याचशा घरगुती बायपॅप मास्कना बारीक भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर पडतो. आत्याच्या घरी त्या भोकांवर कापूस चिकटवलेला होता! जखमेपेक्षा मला त्याचीच जास्त धास्ती वाटली. खरी गळती गालाजवळून होत होती, आणि तिचं कारण कवळी. झोपताना आत्या कवळी काढते, गाल आत जातात, मास्कला टेकायला जागा उरत नाही. मग पट्टे आवळायचे आणि सगळा भार जातो नाकावर.

नाकाच्या त्या जागी चरबी जवळजवळ नसते. खाली हाड, वर पातळ कातडं. भार तोच राहिला आणि टेकायची जागा आकसली, की दाब वाढतो. कातडीतल्या केशवाहिन्यांतला रक्तदाब लँडिस या अमेरिकी संशोधकानं १९३० साली नखाच्या कडेला मोजला होता. रक्त ज्या टोकानं आत शिरतं, तिथं तो पाऱ्याचे साधारण ३२ मिलिमीटर भरला. घट्ट मास्कखाली नाकावरचा दाब अनेकदा याहून जास्त असतो. रक्त अडतं, शिवाय पेशी चेंगरून थेटही मरतात. जखम वरून दिसायच्या आधी आत सुरू झालेली असते, ती यामुळे.

त्यात भर घामाची. आपल्याकडचा मे महिना म्हणजे कोरडी भट्टी; घाम आला तसा वाळून जातो. पण मास्कच्या आत उच्छ्वासाची वाफ कोंडते. बाहेर मराठवाडा, आत कोकण. भिजून मऊ पडलेलं कातडं रबराला चिकटतं, आणि कूस बदलताना मास्क सरकला की वरचा थर एकीकडे, खालचा दुसरीकडे ओढला जातो.

एन-९५ मास्कचंही गणित हेच. २०२० च्या सुरुवातीला चीनच्या हुबेई प्रांतात कोरोना रुग्णांची सेवा करणाऱ्या ५४२ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. ९७ टक्के जणांनी संरक्षक साधनांमुळे त्वचेला इजा झाल्याचं सांगितलं, आणि सर्वाधिक तक्रार नाकाची होती. ही बहुतेक धडधाकट माणसं होती. ड्युटी संपली की मास्क काढू शकत होती, दुखतंय असं म्हणू शकत होती.

अर्धांगवायूच्या रुग्णाला अनेकदा ते म्हणता येत नाही. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा नुसते मास्क ओढत राहतात आणि घरचे त्यांना रागावतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं कातडं तर पुरतं तयारच झालेलं नसतं. त्याच्या इवल्याशा नाकाला श्वासाच्या मशीनची नळी काही तासांत काचू शकते. म्हातारपणी कातडीचे दोन थर एकमेकांत अडकवणाऱ्या खोबणी सपाट होतात, म्हणून ती पटकन सोलते. जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात आणि जखमही सावकाश भरते. आणखी एक गट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: गोरं होण्यासाठी स्टेरॉइडची ट्यूब वर्षानुवर्षं चेहऱ्याला चोळणारे. त्यानं कातडं कागदासारखं पातळ होतं. २०१८ साली अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत गेली. तरी ती मिळतात, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे.

जखमेची पहिली खूण पुस्तकात 'लाल डाग' अशी दिलेली असते. बोटानं दाबल्यावर तो फिकट पडून पुन्हा लाल झाला तर रक्त खेळतंय. दाबूनही तसाच राहिला तर इजा सुरू झाली. हे वर्णन गोऱ्या कातडीचं. आपल्या सावळ्या-काळ्या रंगावर लाली दिसतेच कुठं? तिथं आजोबांची पद्धत बरी. मास्क निघाला की नाक, गाल, कानामागची जागा चांगल्या उजेडात बघायची आणि बोटांनी शेजारच्या कातडीशी ताडून पाहायची: जास्त गरम की गार, टणक की लिबलिबीत, दुखतंय का, रंग जांभळट-काळपट झालाय का. वण अर्ध्या तासानंतरही तसाच असेल तर डॉक्टरांना दाखवायचा.

मास्क शक्यतो मशीन चालू असताना, रुग्णाला आडवं करून बसवावा, कारण त्याची गादी हवेनं फुगल्यावरच नीट टेकते. दोन्हीकडचे पट्टे सारखे ओढावेत, खाली दोन बोटं सरकतील इतपत. नाकावर लावायच्या पातळ चिकट गाद्या मिळतात, त्या डॉक्टरांना विचारून; पण एन-९५ खाली काहीही चिकटवलं की त्याचं बसणं बिघडू शकतं आणि मास्क निकामी ठरतो. बायपॅपला सुट्टी कधी, किती वेळ द्यायची, तेही डॉक्टरांनीच ठरवायचं.

आत्याच्या नाकावर सूनबाईनं तेल-हळद लावली होती. वसमतची हळद कितीही चोख असली तरी तिच्या पिवळ्या थराखाली कातडीचा रंग कळत नाही. शिवाय आत्याच्या मशीनला ऑक्सिजनची नळी जोडलेली. ऑक्सिजनजवळ तेल किंवा पेट्रोलियम जेली म्हणजे आगीला आमंत्रण.

डॉक्टरांनी मास्क बदलून दिला, कपाळावर टेकणारा. झोपताना कवळी तोंडात ठेवायलाही त्यांनी हरकत घेतली नाही. जखम भरायला तीन आठवडे लागले. आता रोज सकाळी मास्क काढला की माझा आतेभाऊ तिच्या नाकावरून, गालावरून बोटं फिरवतो, आणि आत्या वैतागते, "मला काय पोळ्याला सजवायलास का रे?"