सॅनिटायझर लावला, तरी साबण हवाच

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत (एनएचएस) 2004च्या हातस्वच्छता मोहिमेनंतर खाटेशेजारी अल्कोहोल जेल आलं आणि ‘जेल चोळलं की सगळे जंतू मेले’ हा समज रुजला. एमआरएसए या अनेक अँटिबायोटिक्सना न जुमानणाऱ्या जिवाणूपुरतं ते ठीक. पण जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूचे बीजाणू (त्याचं टणक कवचातलं सुप्त रूप) अल्कोहोलला दाद देत नाहीत. साबणही त्यांना मारत नाही. चोळण्याने ते सुटतात आणि वाहत्या पाण्याबरोबर जातात. म्हणून अशा रुग्णाला हाताळल्यावर, हातमोजे काढल्यावरही 40 ते 60 सेकंद हात धुवायचे. अंगठे, बोटांच्या बेचक्या, नखं हमखास सुटतात! खाटेचे कठडे, कमोड 1,000 पीपीएम (दहा लाख भागांत 1,000 भाग) क्लोरीनने पुसायचे, तेही आधी घाण काढून. नाहीतर क्लोरीन घाणीतच खर्ची पडतं. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथीतही जेलवर विसंबू नये.