बुडून मृत्यू, की मृत्यूनंतर पाण्यात?

खानदेशात शेतातल्या विहिरीत मृतदेह सापडला, की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनामा करतात; १ जुलै २०२४ पासून हे काम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चालते. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांपुढचा पहिला प्रश्न असतो, की पाण्यात पडताना तो माणूस जिवंत होता का.

हातापायांच्या सुरकुतलेल्या कातडीवरून हे ठरत नाही, कारण मृतदेह पाण्यात राहिला तरी ती तशीच होते. नाकातोंडाशी आलेला, पुसला तरी पुन्हा येणारा बारीक पांढरा फेस, फुगलेली फुप्फुसे आणि मुठीत घट्ट धरलेले शेवाळ किंवा गवत यांना मात्र मोठे वजन असते. मेच्या उन्हात ही चिन्हे लवकर नाहीशी होतात. भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा देह झपाट्याने कुजतो आणि कुजताना येणारा लालसर फेस फसवू शकतो.

अशा वेळी डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाची मदत होते. त्याचे कवच सिलिकाचे असल्यामुळे कुजत नाही. जिवंत माणसाने पाणी श्वासात ओढले, तर धडधडणारे हृदय हे कण रक्तावाटे मांडीच्या हाडातील मज्जेपर्यंत पोहोचवते. प्रयोगशाळेत ती मज्जा नायट्रिक आम्लात विरघळवली, की कवचे मागे उरतात. पण त्याच विहिरीच्या पाण्याचा नमुना सोबत नसेल, तर तुलना कशाशी करणार? शिवाय विहिरीच्या स्वच्छ पाण्यात डायटम मुळातच कमी असू शकतात, म्हणून ते सापडले नाहीत एवढ्यावरून बुडणे नाकारता येत नाही.

बुडाल्याचे सिद्ध झाले तरी अपघात, आत्महत्या की घातपात, हे फुप्फुसे सांगत नाहीत. कीटकनाशक पोटात गेले होते का, हे व्हिसेऱ्याच्या, म्हणजे शवविच्छेदनात काढून ठेवलेल्या आतल्या अवयवांच्या, तपासणीतून कळते. डोक्यावरची जखम जिवंतपणीची असेल, तर सहसा तिच्या कडांच्या ऊतींत रक्त मुरलेले दिसते. मात्र ती कोणी मारल्याची की पडताना विहिरीच्या दगडी बांधावर आपटल्याची, हे जागा पाहिल्याशिवाय ठरवणे धोक्याचे असते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पाण्याच्या मोटारीची. शेतकऱ्याला विजेचा धक्का बसून तो विहिरीत पडला, तर बोटावर फिकट, कडा उचललेला छोटा खळगा दिसू शकतो. पण ओल्या त्वचेवर अशी खूण कित्येकदा उमटतच नाही. मग हा अपघात आत्महत्या म्हणून नोंदला जाऊ शकतो. म्हणून स्टार्टर, उघडी पडलेली वायर आणि तिची जोडणी कोणी हलवण्याआधी विद्युत निरीक्षकाकडून तपासली गेली पाहिजे आणि तो अहवाल अंतिम मत देण्यापूर्वी डॉक्टरांच्या हाती आला पाहिजे.