सायकलचा चोरीविमा : हप्त्याचा हिशेब
ग्राहकांसाठी माहितीपत्रक, इंदूर

आमच्या दुकानात नवी सायकल घेताना अलीकडे किंमत, गिअर आणि टायर यांच्या चौकशीबरोबर आणखी एक प्रश्न हमखास येतो, तो म्हणजे हिचा चोरीचा विमा काढला तर किती पडेल. सायकली विकणे आणि दुरुस्त करणे एवढाच आमचा व्यवसाय आहे. आम्ही विमा विकत नाही आणि कोणत्याही विमा कंपनीकडून आम्हाला दलाली मिळत नाही. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मोकळेपणाने देता येते. मात्र ते काउंटरवर उभ्याउभ्या देण्याइतके लहान नाही, म्हणून हे पत्रक छापले आहे. आमचे मत आधीच सांगून ठेवतो : प्रत्येक सायकलचा विमा काढणे परवडत नाही, आणि ज्या सायकलचा परवडतो तिचा काढताना हप्त्यापेक्षा पॉलिसीतील अटींकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

सायकलचा दर मोटारीपेक्षा वेगळा का

मोटारसायकल किंवा कार रस्त्यावर आणायची तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार तृतीय पक्षाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा असतो. सायकल हे मोटार वाहन नसल्यामुळे तिला नोंदणी नाही, नंबरप्लेट नाही आणि विम्याची सक्तीही नाही. (ज्या विद्युत सायकलची मोटर २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत आहे, तीही सामान्यतः मोटार वाहनात मोडत नाही, त्याहून ताकदवान गाडी ‘सायकल’ म्हणून कोणी विकत असेल तर नोंदणीचे कागद जरूर मागावेत.) सक्ती नसल्याचा परिणाम थेट हप्त्यावर होतो, कारण विमा घेणारे लोक मुळात थोडे असतात आणि त्यांतही ज्यांना चोरीची खरी धास्ती आहे, म्हणजे ज्यांची सायकल भंवरकुआँच्या कोचिंग क्लासबाहेर दिवसभर उभी असते किंवा रात्री मल्टीच्या, म्हणजे बहुमजली इमारतीच्या, उघड्या पार्किंगमध्ये राहते, तेच पुढे येतात. ज्यांची सायकल तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत सुरक्षित आहे, ते हप्ता भरून इतरांचा भार हलका करायला येत नाहीत.

शिवाय चोरलेली सायकल तासाभरात सुटी होते. चाके, सीट, गिअर वेगवेगळे विकले गेले की ती पुन्हा ओळखण्याची शक्यता जवळजवळ संपते. कार सापडली तर कंपनीला तिची काही किंमत परत मिळते, सायकलच्या बाबतीत तशी आशा धरता येत नाही. आणि पॉलिसी पाच लाखांची असो की पंधरा हजारांची, अर्ज तपासणे, कागद बनवणे आणि दावा आल्यास माणूस पाठवणे हा खर्च फारसा बदलत नाही. त्यामुळेच किमतीच्या टक्केवारीत पाहिले तर लहान वस्तूचा विमा महाग वाटतो, आणि तो खरोखरच महाग असतो.

हिशेब कसा मांडावा

पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. ते कोणत्याही कंपनीचे दर नव्हेत. समजा, सायकल ४०,००० रुपयांची आहे आणि कंपनीने वार्षिक दर ३ टक्के सांगितला. हप्ता १,२०० रुपये झाला, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २१६ रुपये, एकूण १,४१६ रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांवरील जीएसटी शून्य झाला आणि खुद्द सायकलवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला. यामुळे सायकलच्या विम्यावरील करही गेला असे काही ग्राहक समजतात, परंतु तो पूर्वीप्रमाणेच १८ टक्के आहे.

आता दुसऱ्या वर्षी सायकल चोरीला गेली असे धरू. कंपनी घसारा म्हणून, म्हणजे वापरामुळे उतरलेली किंमत म्हणून, २० टक्के वजा करत असेल तर ४०,००० चे ३२,००० राहतात, आणि प्रत्येक दाव्यातील पहिले २,००० रुपये ग्राहकाने स्वतः सोसायचे अशी अट असेल तर हातात ३०,००० येतात. वर्षाला १,४१६ रुपये देऊन ३०,००० चे संरक्षण, याचा अर्थ साधारण एकवीस वर्षांत एकदा चोरी होईल इतका धोका असेल तर देणे-घेणे बरोबरीत सुटते. आपली सायकल ज्या ठिकाणी रोज उभी राहते, ते ठिकाण त्याहून अधिक धोक्याचे वाटते की कमी, याचा अंदाज आपल्याइतका कोणालाच येणार नाही.

हाच हिशेब ५,५०० रुपयांच्या साध्या सायकलला लावून पाहा. तीन टक्क्यांनी हप्ता १६५ रुपये होईल, पण इतक्या कमी रकमेची स्वतंत्र पॉलिसी देणे परवडत नसल्यामुळे कंपनी किमान हप्ता ठरवू शकते. तो ५०० धरला तर करासह ५९० रुपये होतात. घसारा जाऊन ४,४०० आणि स्वतः सोसायचे ५०० वजा केल्यावर हाती येणार ३,९००. साडेसहा वर्षांत एकदा सायकल गेली तरच हा व्यवहार बरोबरीत येईल. अशा सायकलच्या ग्राहकाला आम्ही विम्याऐवजी चांगले कुलूप घ्या असेच सांगतो, आणि कुलूप विकण्यात आमचा नफा आहे हे मान्य करूनही सांगतो.

मोटारींच्या विम्यात घसाऱ्याची ठरावीक पायरी असते : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, आणि पुढे चढत जाऊन पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के. सायकलसाठी मात्र हे कोष्टक गृहीत धरू नये. आपल्या पॉलिसीत घसारा किती, की नवी सायकल घेण्याइतकी पूर्ण भरपाई मिळणार, हे लेखी विचारून घ्यावे. दोन कंपन्यांच्या हप्त्यात शंभर रुपयांचा फरक असेल, पण घसाऱ्याच्या अटीत हजारोंचा फरक असू शकतो. इंटरनेटवर सहज सापडणारे सायकल विम्याचे दर बहुधा ब्रिटनचे किंवा नेदरलँड्सचे असतात, तिकडे विमा कंपन्या मान्यताप्राप्त दर्जाच्या कुलपाची किंवा कुलपाच्या दोन्ही किल्ल्या हजर करण्याची अट घालतात. त्या आकड्यांवरून इंदुरातील दराचा अंदाज बांधू नये.

हप्ता वाचावा म्हणून सायकलची किंमत कमी सांगण्याचा मोह टाळावा. ४०,००० ची सायकल ३०,००० ची दाखवली आणि अपघातात ८,००० रुपयांचे नुकसान झाले, तर पॉलिसीत प्रमाणशीर भरपाईची अट असल्यास कंपनी तीन चतुर्थांश म्हणजे ६,००० रुपयेच मान्य करते. तसेच हप्त्यातील काही रक्कम एजंट परत देतो म्हणाला तर ती सवलत समजू नये. विमा कायदा, १९३८ त्यास मनाई करतो.

‘घराचा विमा आहेच ना?’

घराचा विमा असलेल्या ग्राहकांनी आधी तीच पॉलिसी उघडून पाहावी. जुन्या धर्तीच्या घरगुती पॅकेज पॉलिसीमध्ये पेडल सायकलसाठी वेगळा विभाग असतो, आणि तो निवडून थोडा जादा हप्ता भरला तर स्वतंत्र पॉलिसीपेक्षा स्वस्त पडण्याची शक्यता असते. परंतु विभाग छापलेला असणे आणि तो घेतलेला असणे यांत फरक आहे. एप्रिल २०२१ पासून सर्वत्र मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मुख्यतः आग, पूर, भूकंप अशा आपत्तींसाठी आहे. तिच्यात चोरीचा समावेश आहे तो अशा आपत्तीमुळे आणि आपत्तीनंतर सात दिवसांत झालेल्या चोरीपुरता. एरवीच्या दिवशी रामबागेतल्या जुन्या वाड्याच्या जिन्याखालून सायकल गेली तर ही मूळ पॉलिसी उपयोगी पडणार नाही.

त्याहून नाजूक प्रश्न ‘घरफोडी’ या शब्दाचा आहे. अनेक पॉलिसींत बळजबरीने किंवा मोडतोड करून प्रवेश झाला असेल तरच घरफोडी मानली जाते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली एका प्रकरणात पॉलिसीतील ही व्याख्या जशीच्या तशी लागू धरली. फाटक उघडे होते, कोणी तरी आले आणि सायकल घेऊन गेले, ही चोरी आहे, पण त्या व्याख्येत ती बसत नाही. म्हणून आपल्या पॉलिसीत ‘घरफोडी’ लिहिले आहे की ‘चोरी’, आणि सायकल घराबाहेर असतानाही संरक्षण आहे का, हे दोन प्रश्न हप्त्याच्या आधी विचारावेत. दिवा, मीटर, बाटलीचा स्टँड अशा वस्तू एकट्याच चोरीला गेल्या तर बहुधा भरपाई नसते. सायकलसोबत गेल्या तरच असते. शर्यतीत किंवा भाड्याने दिलेली असताना गेलेली सायकलही सहसा वगळलेली असते.

चोरी झाल्यावर

दाव्याचा पहिला कागद म्हणजे पोलिसांतील नोंद. आरोपी अज्ञात असलेल्या एक लाख रुपयांपर्यंतच्या साध्या चोरीसाठी मध्य प्रदेश पोलिसांच्या पोर्टलवर ई-एफआयआरची सोय आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही करावी लागते. येथे स्वस्त सायकलची एक अडचण लक्षात घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र ठरली आहे. वरच्या उदाहरणातील ५,५०० ची सायकल वर्षभर वापरल्यावर या मर्यादेखाली येते, आणि मग एफआयआरऐवजी साधी नोंद होते. विमा कंपनी एफआयआरच मागत असेल तर काय, याचे उत्तर पॉलिसी घेतानाच मिळवावे.

सायकल न सापडल्यास तपास थांबवल्याचा अहवाल, ज्याला आपल्याकडे पोलीस ठाण्यात ‘खात्मा’ म्हणतात, तो कंपनी मागू शकते. त्याला महिने लागतात, आणि तेवढा काळ सायकलविना काढावा लागेल हेही खर्चातच धरावे. कंपनीला मात्र त्याच दिवशी कळवावे. एका ट्रॅक्टरच्या चोरीच्या प्रकरणात एफआयआर तत्काळ केलेली असेल तर केवळ कंपनीला कळवण्यास उशीर झाला म्हणून दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. पण हा आधार कोर्टात जाण्याची तयारी असणाऱ्यांसाठी आहे. त्याआधीचा बिनखर्चाचा मार्ग असा : प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार, उत्तर समाधानकारक नसेल किंवा महिनाभर आलेच नाही तर विमा लोकपाल, ज्यांचे मध्य प्रदेशासाठीचे कार्यालय भोपाळला आहे. विमा नियामकाचा तक्रारीचा क्रमांक १५५२५५ आहे.

सायकलला नंबरप्लेट नसल्याने मालकीचा पुरावा फ्रेम क्रमांकाचाच. तो बहुतेक वेळा पेडलचा अॅक्सल ज्या नळीत फिरतो तिच्या तळाशी ठोकलेला असतो. सायकल उलटी करून पुसल्याशिवाय दिसत नाही. आमच्याकडून घेतलेल्या प्रत्येक सायकलच्या बिलावर आम्ही तो लिहितो. जुन्या बिलावर नसेल, किंवा सायकल दुसऱ्या दुकानातून घेतलेली असेल, तर ती दुकानात घेऊन यावी. क्रमांक, सध्याची अंदाजे किंमत आणि बसवलेले जादा सामान यांची नोंद असलेले पत्र आम्ही दुकानाच्या शिक्क्यासह विनामूल्य देतो. पॉलिसीचे नूतनीकरण करतानाही किंमत नव्याने लिहून घेता येईल. रविवारी गर्दी असते, तेव्हा शक्यतो इतर दिवशी सकाळी यावे.